छाम्पू बाहेर येईल!

मी एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं वाचून झाल्यावर सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

काम तसं सोपं आहे. ज्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही त्याला ते घालायला लावायचं, आग लागली तर कुठल्या दारानं पळायचं ते दाखवायचं आणि अधूनमधून सगळ्यांना उन्हात उभं करून कर्ण्यावरून ओरडायचं, “घाबरू नका! शांत राहा! आधी विचार करा!” (हे सांगताना मी स्वतः सावलीत उभा असतो.) कारेगावात आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी, बायको वर्षा आणि आमची अडीच वर्षांची ओवी.

ओवी कशालाच घाबरत नाही. गल्लीतल्या कुत्र्याचे कान ओढते. पाल दिसली की तिला “ये ये” करून बोलावते. घरासमोर जेसीबी आला तर ड्रायव्हरला म्हणते, “मला आत घे!” पण डोक्यावरून पाण्याचा पहिला मग पडला की ही पोरगी जो सूर लावते, तो ऐकून एकदा खालचा वॉचमन काठी घेऊन वर आला होता. आम्ही सगळं करून पाहिलं होतं. डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून रबरी टोपी आणली. ती तिनं फेकली आणि ती थेट कमोडमध्ये पडली. बदक आणलं, बदकाचं डोकं धुऊ दिलं, स्वतःचं नाही. शेवटी वर्षानं एक युक्ती बसवली होती. तिला मांडीवर घ्यायचं, “वर बघ, वर पाल बघ” म्हणायचं, कपाळाला घडी घातलेला पंचा लावायचा आणि “झालं झालं झालं” म्हणत पाणी ओतायचं. तेव्हाही ओवी रडायचीच, पण निदान वॉचमन यायचा नाही.

त्या गुरुवारी कंपनीला सुट्टी होती. आमच्याकडे गुरुवारी कंपन्या बंद आणि लाईटही बंद. वर्षा शाळेत शिक्षिका आहे. तिला शिरूरला कसल्याशा ट्रेनिंगला जायचं होतं. आणि संध्याकाळी तिच्या माहेरी, वडगाव रासाईला, धाकट्या बहिणीचा, शीतलचा, साखरपुडा. निघताना वर्षा दारात थांबली.

“अहो, ओवीचं डोकं मी आल्यावर धुईन. तुम्ही हात लावू नका.”

“का? मला काय जमत नाही का?”

“मी तसं म्हटलं का?” ती म्हणाली आणि ज्या तऱ्हेनं हसली त्यावरून तिनं तसंच म्हटलं होतं, हे मला कळलं.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग ओवीला भूक लागली. माझे सासरे, आप्पा, दौंडकडच्या एका गुऱ्हाळावरून आमच्यासाठी काकवी घेऊन आले होते. ताजी, घट्ट, मधासारखी. मी वाटीत काकवी आणि ताटात पोळी दिली आणि फोनवर कंपनीच्या ग्रुपमध्ये कुणीतरी टाकलेला सुरक्षिततेचा व्हिडिओ बघायला लागलो. व्हिडिओ संपवून मान वर केली तर ओवी समोर बसलेली. डोक्यावर वाटी उलटी.

“बाबा, बघ! हेम्मेट!”

काकवी कानांवरून, मानेवरून, भुवयांवरून संथपणे खाली उतरत होती. मी वाटी उचलली. वाटीबरोबर केसही वर आले आणि तसेच उभे राहिले. मी पंच्यानं पुसायला गेलो तर पंचा डोक्याला चिकटून बसला. कुठून कोण जाणे, दोन मुंग्या तिच्या फ्रॉकवर हजर झाल्या आणि बाकीच्यांना बोलावणं पाठवायला परत गेल्या.

वर्षा येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. शिवाय (खरं सांगतो) तिचं ते हसू डोळ्यांपुढून जात नव्हतं. लाईट नाही म्हणजे गीझर नाही, म्हणून मोठं पातेलं भरून पाणी गॅसवर ठेवलं आणि ओवीला समजवायला बसलो.

“ओवी, आपण डोकं धुवायचं का?”

“नाय.”

“शाम्पू किती छान असतो बघ. वास घे.”

“छाम्पू चावतो.”

“कुठं चावतो?”

“डोल्यात.”

मग मला एक कल्पना सुचली. कंपनीत नव्या मुलांना आम्ही नुसतं तोंडानं सांगत नाही, करून दाखवतो. म्हटलं, इथंही तसंच करू. अंगात बनियन आणि हाफपँट ठेवून मी बाथरूममध्ये गेलो, ओवीला दारात उभं केलं, बादलीच्या तळाशी होतं तेवढं पाणी डोक्यावर ओतलं आणि तळहातभर शाम्पू घेऊन डोकं चोळायला लागलो.

“बघ! बाबा रडतोय का? किती मज्जा येते! बघ, फेस! अजून फेस! काहीसुद्धा हो... आई गं! मेलो!”

फेस दोन्ही डोळ्यांत गेला होता. मी नळ चाचपडून सोडला. नळ खुर्रर्र करून खाकरला आणि गप्प बसला. लाईट नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून वरची टाकी रिकामी! गरम पाणी गॅसवर, गार पाण्याचं पिंप किचनमध्ये आणि मी बाथरूममध्ये डोळे घट्ट मिटून उड्या मारतोय.

ओवीनं हे सगळं दारातून पाहिलं. शाम्पू चावतो, हे ती इतके दिवस सांगत होती. आता तर तो तिच्या धिप्पाड बाबालाच चावत होता! तिनं जे केलं ते तिच्या जागी कुठल्याही समजूतदार माणसानं केलं असतं. तिनं दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली.

आता ही कडी. बाथरूमचं फायबरचं दार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून ती मीच बसवून घेतली होती. वाकायला नको म्हणून मिस्त्री वर बसवतो म्हणत होता. मी म्हणालो, “नको, खाली बसव. वर दिसायला वाईट दिसतं.”

“ओवी, बाळा, कडी काढ.”

“नाय.”

“का गं?”

“छाम्पू बाहेल येईल.”

दाराला खांदा मारायचा विचार केला. पण ओवी दाराला नाक लावूनच बोलत होती. दार तुटलं तर तिच्याच अंगावर पडलं असतं. म्हणून मी लाच द्यायचं ठरवलं.

“कडी काढलीस तर चॉकलेट देईन.”

“कुठंय?”

“फ्रिजमध्ये,” मी म्हणालो, आणि मग लक्षात आलं. फ्रिज किचनमध्ये. किचनमध्ये गॅस चालू. गॅसवर उकळतं पाणी. आणि पट् पट् पट् करत ओवीची पावलं किचनकडे निघालेली!

“ओवी! इकडं ये! चॉकलेट नाहीये! बाबा खोटं बोलला!”

पावलं थांबली. “बाबा खोतं बोल्ला?” एवढं ऐकू आलं आणि पावलं पुन्हा चालायला लागली. ती खात्री करायला निघाली होती. इतका घाबरलो मी उभ्या आयुष्यात नव्हतो. शांत राहायचं, आधी विचार करायचा, आता दारापाशी कुणी नाही तर खांदा मारायचा, यातलं काहीही मला आठवलं नाही. मी बादलीवर चढलो, वरच्या झरोक्याच्या काचा ढकलल्या आणि दोन फ्लॅटमधल्या पाइपांच्या डक्टमध्ये तोंड घालून जीव खाऊन ओरडलो.

“भाभीऽऽ! रशिदाभाभीऽऽ!”

रशिदाभाभी आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. माहेर शिरूरचं, सासरही शिरूरचंच. घरी ब्लाऊज शिवायचं काम करतात. त्यांच्या शिलाई मशिनचा आवाज थांबला.

“कोण? संदीपभाऊ? कुठून बोलताय?”

“बाथरूममधून! ओवीनं कडी घातलीय! ती किचनमध्ये एकटी आहे, गॅस चालू आहे, वर उकळतं पाणी आहे!”

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला.

नेमका तेवढ्यात माझा फोन वाजला. फोन सोफ्यावर होता, आणि हिरवं बटण कसं सरकवायचं हे ओवीला चालायच्या आधीपासून येतं. पावलं किचनमधून मागे फिरली. (त्या वेळी तो फोन ज्यानं केला त्याचे पाय धरावेसे वाटले. पुढचं संभाषण ऐकल्यावर ती इच्छा गेली.)

“हॅलो! कोण, ओवीबाय का?” आप्पांचा आवाज स्पीकरशिवायही भिंतीपलीकडे ऐकू येतो. “बाबा कुठं हाय गं?”

“बाबा ललतो.”

“रडतोय? आन् ते का?”

“छाम्पू चावला.”

“काय चावलं? साप चावला? आरं देवा! कुठं चावला?”

“डोल्यात!”

“आप्पा, साप नाही! शाम्पू! शाम्पू!” मी आतून ओरडलो. पण ओवीला आता फोनचा कंटाळा आला होता. तिनं लाल बटण दाबलं. आप्पांपर्यंत माझ्या आवाजातला फक्त शेवटचा “पू” पोचला असावा. तो त्यांनी फूत्कार समजला, असं त्यांनीच नंतर सगळ्यांना सांगितलं.

इकडे रशिदाभाभी आमच्या दाराशी पोचल्या होत्या. दाराला लॅच, किल्ली एक माझ्याकडे आत आणि दुसरी वर्षाबरोबर शिरूरला. पण आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक किचनची एक खिडकी जिन्याच्या पॅसेजमध्ये उघडते. (कुणाकडे काय शिजतंय हे सगळ्यांना कळावं म्हणून बिल्डरनं केलेली सोय.) आमच्या त्या खिडकीखाली गव्हाची कोठी आहे आणि ओवी रोज स्टुलावरून त्या कोठीवर चढून भाभींशी गप्पा मारते. गॅस ओट्याच्या दुसऱ्या टोकाला.

भाभींनी आत पाहिलं तेव्हा ओवी फोन टाकून पुन्हा किचनमध्ये आली होती आणि गॅसकडे मान वर करून बघत उभी होती. मी असतो तर किंचाळलो असतो. भाभी अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या,

“ओवीबाई, आज केसांना काय लावलंय गं? लई झ्याक दिसतंय. मला दाखव की!”

कौतुक ऐकून ओवी वळली. स्टुलावरून कोठीवर चढली आणि डोकं गजांना लावलं. भाभींनी गजांतून हात आत घातला, तिचं मनगट धरलं आणि मग मला ऐकू येईल असं हाक मारून सांगितलं, “भाऊ, धरली बघा! आता सोडत नाही!”

मी बादलीवरून खाली उतरलो आणि फरशीवर बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं ते आता शाम्पूचं नव्हतं.

हाका ऐकून वरच्या मजल्यावरचा मनोज धावत आला. हा बिहारचा, एका कंपनीत क्रेन चालवतो, गुरुवार म्हणून झोपला होता. “क्या हुआ भाभी? सरजी किधर हैं?”

“सरजी अंदर बंद हैं. पहिले वो गॅस बंद कर!”

मनोजनं गच्चीवरून कपडे वाळत घालायची लांब काठी आणली, खिडकीतून आत सरकवली आणि गॅसचं बटण ढकलायला लागला. पहिल्या धक्क्यात मिठाची बरणी गेली. दुसऱ्या धक्क्यात तेलाची किटली गेली. “सॉरी सरजी!” तो प्रत्येक वस्तूमागे ओरडत होता आणि मी आतून “चालेल, चालेल!” म्हणत होतो. शेवटी बटण फिरलं आणि बाहेर टाळ्या पडल्या. टाळ्या बऱ्याच पडल्या. तोवर सगळी बिल्डिंग जिन्यात जमली होती!

आता प्रश्न उरला माझा. भाभी ओवीला गजांतून समजावत होत्या.

“जा, बाबाची कडी काढ.”

“नाय. छाम्पू हाय आत.”

“व्हय, पण बाबा रडतोय ना? तू रडतीस तवा आई काय करती?”

ओवी विचारात पडली. “पानी घालती.”

“मग तू घाल की बाबाला पाणी. हे घे.”

भाभींनी घरातून फुलपात्रात पाणी आणून गजांतून आत दिलं. ते दोन्ही हातांत धरून ओवी निघाली. निम्मं फरशीवर सांडलं, निम्मं फ्रॉकवर. बाथरूमपर्यंत पोचलं ते घोटभर. पण दाराशी खटक् असा आवाज झाला, आणि त्याहून गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

मी उठणार तोच हुकूम आला, “खाली बश! वल बघ! वल पाल बघ!”

मी बसलो. वर पाहिलं. डोळे उघडतच नव्हते, पण पाहिलं. माझ्या कपाळाला काहीतरी चिकट लागलं. तो तिचा हात होता, पंच्याच्या जागी. आणि तो घोटभर पाण्याचा धबधबा माझ्या डोक्यावर कोसळला.

“झालं झालं झालं,” ओवी म्हणाली. “ललू नको हां.”

तोवर मी तिला कितीदा तरी म्हणालो होतो, “रडण्यासारखं काय आहे त्यात?” आज डोळ्यांत आग होत असताना ती मला असं काही म्हणाली नाही. तिनं फक्त कपाळावर हात ठेवला. मला तिला तसंच मिठीत घ्यावंसं वाटलं, आणि मी घेतलंही. त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांना काकवीनं चिकटलो, ते वेगळं.

मी चाचपडत जाऊन दार उघडलं. सगळे आत आले. भाभींनी काही न विचारता पदर खोचला, गॅसवरचं पाणी आणि पिंपातलं पाणी बादलीत मिसळलं आणि ओवीला म्हणाल्या, “बाबाचं राहिलंय अजून. आधी त्याचं पुरं कर, मग तुझं.” मग समारंभपूर्वक माझी आंघोळ झाली. ओवीच्या हातात मग, मनोजच्या हातात बादली आणि दारात बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका. प्रत्येक मगाला ओवी “झालं झालं झालं” म्हणायची आणि मागून बायका तिच्या सुरात सूर मिसळायच्या. माझं झाल्यावर ती आपणहून माझ्या मांडीवर बसली. मान वर केली. पहिल्या मगाला तिनं माझा अंगठा घट्ट पकडला आणि तोंड वेडंवाकडं केलं. मी “झालं झालं झालं” म्हणालो. थोडी रडली, पण आपलं साधं, घरातल्या घरात ऐकू येईल एवढंच. गरम पाण्यानं काकवी सुटत गेली आणि खालून माझी पोरगी निघाली.

आम्ही असे बसलेलो असतानाच जिन्यात धाड धाड पावलं वाजली. आप्पा! वडगाव रासाईहून जीप घेऊन आले होते, बरोबर दोन भाऊबंद आणि एकाच्या हातात चक्क काठी. (मनोजनं सापासाठी आणखी एक लांब काठी लगेच देऊ केली.) आप्पांनी मला आपादमस्तक पाहिलं. ओल्या बनियनमध्ये, लालभडक डोळे, मांडीवर नात.

“पाव्हणं, कुठं चावला?”

“आप्पा, साप नव्हता. शाम्पू होता.”

आप्पा खाली बसले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “गाडी कशी आणली ते माझं मला ठावं न्हाई वो.” माझ्या ओल्या डोक्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला. सासऱ्यानं जावयाच्या डोक्यावर हात फिरवायची आमच्यात रीत नाही. पण त्या दिवशी माझं डोकं सगळ्या गावानंच हाताळलं होतं.

रशिदाभाभींनी त्यांच्या घरून चहा करून आणला. चहा देताना त्यांचा उजवा हात पाहिला. गजांतून इतका वेळ घालून ठेवल्यामुळे कोपरापाशी लाल वळ उठले होते आणि बोटं काकवीनं माखलेली होती. “भाभी, तुमचे उपकार...” असं मी सुरू केलं.

“चहा गार होतोय,” त्या म्हणाल्या. “आन् ते डोळ्यात गुलाबपाणी घाला. संध्याकाळी साखरपुड्याला असे लाल डोळे घेऊन गेलात तर लोक म्हणतील, हा का रडतोय, याचं तर लग्न कवाच झालंय!”

वर्षा आली तेव्हा घरात पाणी, मीठ, तेल, काकवी, दोन काठ्या, सासरे, भाऊबंद आणि निम्मी बिल्डिंग होती. मधोमध स्वच्छ धुतलेल्या केसांची ओवी बसून बिस्कीट खात होती. वर्षानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, वास घेतला.

“अगंबाई! धुतलं तुम्ही? रडली नाही?”

“फारशी नाही,” मी म्हणालो. “एकदा पद्धत सापडली की सोपं असतं.”

मनोज हसायला लागला. मग भाभी. मग आप्पासुद्धा. अर्ध्या मिनिटात वर्षाला सगळं कळलं. ती मला काही बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो. पण ती आधी भाभींकडे गेली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्याकडे आली, माझी हनुवटी वर केली आणि माझ्या डोळ्यांत गुलाबपाण्याचे थेंब सोडले. “वर बघा,” म्हणाली. “झालं झालं.” त्या बाईनं मला आजवर त्यावरून टोमणा मारलेला नाही. त्याची गरजही पडत नाही, कारण साखरपुड्यात आप्पांनीच ही गोष्ट मांडवातल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली, आणि होणाऱ्या नव्या जावयाला शेजारी बसवून दोनदा.

ती कडी आता दाराच्या वरच्या टोकाला आहे. दिसायला खरोखर वाईट दिसते. ओवी दर गुरुवारी डोकं धुऊ देते, तक्रार नाही. तिची अट एकच आहे. आधी बाबाचं. आणि शाम्पू किती घ्यायचा ते ती ठरवते.

परवाच्या गुरुवारी असंच आमचं चाललं होतं. डक्टमधून रशिदाभाभींचा आवाज आला.

“काय हो संदीपभाऊ, आज ओवी रडत नाही वाटतं?”

“नाही भाभी, ती हसतेय.”

“मग मघाधरनं ओरडतंय कोण?”

मी मान वर केली. दोन्ही डोळ्यांत फेस होता, आणि मला वर पाल बघायची होती.